सांधेदुखीच्या माणसाचा डोळा लाल झाला तर 'डोळे आले' म्हणून सोडू नका

वडगावची_लेक

आमच्या आईला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. शरीराची रोगाशी लढणारी ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते तो हा आजार. आईचा जन्म मागाच्या खटखटीत गेला. कांड्या भरून भरून बोटं झिजली असं सगळे म्हणायचे, पण बोटं झिजण्याने नव्हे, आतल्या सुजेने वाकडी झाली होती.

गेल्या पावसाळ्यात तिचा उजवा डोळा लाल झाला. गल्लीत तेव्हा डोळे येण्याची साथ होती, त्यामुळे जो तो 'दोन दिवसांत जाईल' म्हणत होता. शेजारच्या काकूंनी स्वतःच्या घरातली ड्रॉप्सची बाटलीही आणून दिली. पण चिपडं अजिबात नव्हती, सकाळी पापण्या चिकटत नव्हत्या. दुखणं मात्र असं की रात्री उठून बसायची. कळ कपाळात, कानशिलात, थेट जबड्यापर्यंत जायची. 'आत कोण तरी गिरमिट फिरवूलालंय बघ' हे तिचेच शब्द.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी तिचे हात हातात घेऊन बघितले, मग डोळा. मशीनवर तपासून झाल्यावर तिला खिडकीशी उजेडात उभं केलं, खाली बघायला सांगितलं आणि वरची पापणी उचलून धरली. दिव्याच्या उजेडात नुसता लाल दिसणारा डोळा दिवसाच्या उजेडात जांभळट दिसत होता, वांगी रंगाची छटा. मग शिरा आकसणारा एक थेंब घातला आणि थांबायला सांगितलं. वरवरची लाली असेल तर त्या थेंबाने बरीच ओसरते. आईची ओसरली नाही. सूज डोळ्याच्या पांढऱ्या भागात खोलवर होती. याला स्क्लेरायटिस म्हणतात.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मला इथे सगळ्यांना सांगायचं आहे. डोळ्याचा पांढरा भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि आपले सांधे बांधणाऱ्या ऊतींमध्येही तेच असतं. म्हणून सांध्यांत पेटलेली सूज डोळ्यातही पेटू शकते. आजार एकच, जागा दोन. त्यामुळे स्क्लेरायटिस नुसत्या थेंबांनी सहसा आटोक्यात येत नाही, पोटातून औषध लागतं आणि बहुतेक वेळा संधिवाताचं औषधही वाढवावं किंवा बदलावं लागतं. आईचं तसंच झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी संधिवाताच्या डॉक्टरांना फोन लावला, दोघांनी मिळून गोळ्या ठरवल्या. कळ आठवड्याभरात कमी झाली, लाली जायला बराच वेळ लागला.

त्यांनी आणखी एक बजावलं. जुन्या संधिवातात कधी कधी पांढरा भाग न दुखता, न लाल होता पातळ होत जातो आणि आतला निळसर रंग दिसू लागतो. दुखत नाही म्हणून कोणी जात नाही. आणि बुबुळाच्या कडेला पांढरट चर पडल्यासारखी जखम दिसली तर तो दिवससुद्धा वाया घालवायचा नाही. बुबुळावरचं पारदर्शक पटल विरघळत जाऊन भोक पडू शकतं. असं होतं तेव्हा शरीरात इतरत्रही रक्तवाहिन्यांना सूज असण्याची शक्यता असते, म्हणजे धोका डोळ्यापुरता राहत नाही.

आपल्या सीमाभागात संधिवात म्हटलं की तेल, लेप, शेक आणि 'वयाबरोबर चालायचंच'. डोळ्याचा त्याच्याशी संबंध असतो हे घराघरात कळायला हवं, म्हणून हा धागा. ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

जांबोटीकर

ताई, चांगलं लिहिलंत. एक विचारतो. माझ्या वडिलांचे गुडघे गेलेत. चढउतारावर भात लावण्यात आयुष्य गेलं. डॉक्टर म्हणाले झीज आहे, गादी संपली. त्यांनाही डोळ्यांची भीती आहे का?

वडगावची_लेक

दादा, झिजेची गुडघेदुखी वेगळी. तिच्यामुळे डोळ्याला अशी सूज येत नाही. त्यांच्या वयाला मोतीबिंदू, काचबिंदू तपासून घ्यावेतच, पण ते वयाचं.

फरक ओळखायला आमच्या डॉक्टरांचा प्रश्न सोपा होता. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात? झिजेत थोडं चाललं की सुटतात आणि दिवसभर काम केल्यावर दुखणं वाढतं. सुजेच्या संधिवातात सकाळी तासभर आणि कधी त्याहून जास्त मूठ वळत नाही, चहाचा कप धरवत नाही. तसं असेल तर पक्कं निदान करून घ्या.

निपाणीची_सूनबाई

आमच्याकडे लाल डोळा नव्हता, कोरडा डोळा होता. सासूबाई विड्या वळायच्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय, झोंबतंय म्हणायच्या. तंबाखूच्या धुळीने होतंय असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो आणि धुळीने त्रास होतोही. पण विड्या बंद करून वर्षं झाली तरी खुपणं थांबेना. मग लक्षात आलं की त्यांना भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळता येत नाही. रात्री तांब्या उशाशी. दात एकामागून एक किडले.

तपासणीत खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. निरोगी डोळ्यात पट्टी चांगली भिजते, सासूबाईंची पाच मिलिमीटरसुद्धा भिजली नाही. अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवरच शरीराचा हल्ला होतो. श्योग्रेन नावाच्या स्वीडनच्या नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली या कोरड्या डोळ्यांवर आणि कोरड्या तोंडावर प्रबंध लिहिला, त्याच्याच नावाने आजार ओळखला जातो. संधिवाताच्या रुग्णांत डोळ्यांची सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार कोरडेपणाचीच, असं डॉक्टर म्हणाले.

मला सांगायचंय ते हे, की कोरडा डोळा म्हणजे किरकोळ असं समजू नका. अश्रू नसले की बुबुळावर ओरखडे पडतात, जखमेत जंतू शिरतात. सासूबाई संध्याकाळी टीव्ही बघेनात, पोथी वाचेनात. आम्हाला वाटलं वयाने मन उडालं. डोळे उघडे ठेवणंच त्यांना नको झालं होतं.

आता कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून बऱ्याच वेळा घालतो. इतक्या वेळा घालायचे तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले घ्या, नाहीतर त्या रसायनानेच डोळा चुरचुरतो. रात्री मलम. पुढे सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले, त्यांचा गुण यायला काही महिने लागतात, म्हणून मध्येच सोडायचे नाहीत. अश्रू वाहून जाण्याचं भोक बारीक बुचाने बंद करण्याचाही उपाय असतो. पंख्याचा वारा थेट तोंडावर घेऊ नका आणि चुलीच्या धुरापासून लांब बसा.

हत्तरगीवाले

आमच्याकडे जुनी माणसं डोळ्यांत मध घालायची, एरंडेल घालायची. आमच्या आजीची नजर नव्वदीतही शाबूत होती. लगेच मोठ्या दवाखान्यात पळायची गरज असते का?

वडगावची_लेक

काका, आजींचे डोळे निरोगी होते ही देवाची कृपा. पण सुजलेल्या किंवा जखम असलेल्या डोळ्यात घरचा मध, एरंडेल, गुलाबपाणी, बाळंतिणीचं दूध यातलं काहीच घालू नका. ते निर्जंतुक नसतं. संधिवाताच्या गोळ्यांनी या माणसांची प्रतिकारशक्ती आधीच कमी केलेली असते, त्यांच्या डोळ्यात जंतू गेले तर ते झपाट्याने वाढतात. हात जोडून सांगते, हा प्रयोग करू नका.

संकेश्वरकर

मी चौतीस वर्षांचा आहे. तरुणांनी वाचावं म्हणून लिहितोय. मला कमरेचा वात आहे, अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. पहाटे कंबर धरायची, उठून चाललो की मोकळी व्हायची. विश्रांतीने वाढतं आणि हालचालीने कमी होतं, हे या दुखण्याचं लक्षण. बरीच वर्षं 'मोटारसायकल कमी चालव' एवढाच सल्ला मिळत होता.

निदान डोळ्यामुळे झालं. एके सकाळी डावा डोळा लाल, उजेड सहन होईना. नाक्यावर गाडी थांबवून डोळ्यावर हात धरून उभा राहिलो. अंधुक दिसायला लागलं. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर बघितलं आणि म्हणाले, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सूज आहे, युव्हायटिस. मग त्यांचा पुढचा प्रश्न, 'कंबर दुखते का?' मी चाटच पडलो. एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेची रक्ततपासणी केली, पॉझिटिव्ह आली. तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नसतं, पण माझी कंबर आणि डोळा मिळून चित्र स्पष्ट झालं. या आजारात साधारण चारातल्या एकाला तरी कधी ना कधी डोळ्याचा झटका येतो. अचानक येतो, एका वेळी बहुधा एकाच डोळ्याला, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या डोळ्यालाही येऊ शकतो.

उपचार वेळेत का हवा ते सांगतो. सुजेमुळे बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते. लवकर गेलात तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून ती सोडवता येते. उशीर झाला तर चिकटलेली राहते, बाहुली वेडीवाकडी दिसते, पुढे डोळ्याचा दाब वाढतो. सोबत स्टिरॉइडचे थेंब असतात, सुरुवातीला तासातासाला. रात्रीसुद्धा घालावे लागले. बायको गजर लावून उठायची. मग हळूहळू कमी करत आणायचे. बरं वाटलं म्हणून एकदम बंद केले की सूज उलटून येते.

आणखी एक. आजार जास्त असेल तर बायोलॉजिकची, म्हणजे सूज पेटवणारे रेणू अडवणारी इंजेक्शनं सुचवतात. तेव्हा डोळ्याचा इतिहास आवर्जून सांगा. त्यातलं अडालिम्युमॅब डोळ्याची सूजही आवरतं, इटानरसेप्टचा डोळ्याला तसा उपयोग होत नाही. आणि ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, दबलेला टीबी उसळू शकतो.

कडोली_शिवार

चिकुनगुन्यानंतरचं सांधे धरणं यात मोडतं का? २००६ च्या साथीत आमच्या गावात घरटी माणूस वाकून चालत होता. आता परत अधूनमधून रुग्ण दिसतात.

औषधवाला

मी फार्मसिस्ट आहे, तालुक्याच्या गावी दुकान आहे. चिकुनगुन्याने सांधे महिनोन् महिने दुखू शकतात आणि त्याच विषाणूने डोळ्याच्या आतही सूज येऊ शकते, कधी तापात, कधी ताप गेल्यावर काही आठवड्यांनी. पडद्याला किंवा नसेला सूज आली तर डोळा लाल नसतानाही नजर कमी होते. तापानंतर अंधुक दिसू लागलं तर अशक्तपणा म्हणून बसून राहू नका.

आता माझ्या काउंटरवरचं सांगतो. लोक येतात आणि म्हणतात, 'लाल डोळ्याचे ड्रॉप्स द्या.' चिठ्ठी नसते. बाजारात अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब आहेत, ते घातले की दोन दिवसांत लाली जाते आणि माणूस खूश होतो. पण तो जंतूंचा किंवा नागिणीच्या विषाणूचा डोळा असेल तर स्टिरॉइडने जखम फोफावते. आणि आतली सूज असेल तर अर्धवट दबते. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. त्यावरून भांडणं झाली तरी देणार नाही.

दुसरं, वाताच्या पुड्या. आठवड्याच्या बाजारात, कुणाच्या तरी गावच्या वैदूकडे मिळणारी 'एका पुडीत आराम' देणारी औषधं. अशा औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. आराम पडतो तो त्याचाच. महिनोन् महिने स्टिरॉइड पोटात गेलं की मोतीबिंदू लवकर होतो, डोळ्याचा दाब वाढतो. दाब वाढलेला कळत नाही, दुखत नाही, बाजूची नजर गुपचूप जात राहते. चेहरा गोल झाला, साखर वाढली, अंगावर सहज काळेनिळे डाग पडायला लागले, तर पुडीचा संशय घ्या. पण ती एकदम बंदही करू नका, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवून बसलेलं असतं. डॉक्टरांना पुडी दाखवा.

अनगोळची_आत्ती

औषधवाले दादा, माझी धाकटी बहीण संधिवातासाठी एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) घेते. कुणीतरी सांगितलं त्या गोळीने आंधळं व्हायला होतं, तर तिने परस्पर बंद केली. आता सगळे सांधे परत सुजलेत. काय खरं?

औषधवाला

आत्ती, भीती निराधार नाही, पण गोळी बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं घेतल्यावर काही जणांच्या पडद्याच्या मधल्या भागाला इजा होते आणि झालेली इजा भरून येत नाही. पण योग्य मात्रेत पहिल्या पाच वर्षांत हा धोका १ टक्क्याहून कमी आणि दहा वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी आहे. वीस वर्षांनंतर मात्र तो २० टक्क्यांच्या जवळ जातो.

सगळा हिशोब वजनाचा आहे. प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायका चाळीस-पंचेचाळीस किलोच्या. ४० किलोला दिवसाला २०० बस्स. अशा बाईला २००ची गोळी दोन वेळा सुरू असेल तर ती दुप्पट झाली. बहिणीचं वजन करा, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि 'मात्रा वजनाप्रमाणे आहे का?' एवढंच विचारा. स्वतः कमीजास्त करू नका.

सुरू केल्याच्या पहिल्या वर्षात एकदा पडद्याची तपासणी, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पाच वर्षं थांबायचं नाही, आधीपासूनच दरवर्षी. नुसते अक्षरांचे तक्ते वाचून हे कळत नाही, ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, आणि नजरेच्या क्षेत्राची तपासणी लागते. इजा सुरुवातीला तक्रार न करताच होते.

आणि संधिवाताची मेथोट्रेक्झेट गोळी चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. आपल्याकडे चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्यातली पाटी कन्नडमध्ये, आणि घेणाऱ्या आजीला वाचता येते ती मराठी. मी डबीवर मार्करने मराठीत वार लिहून देतो. तुमच्या दुकानदाराकडूनही लिहून घ्या.

नंदगडची_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते. इथे सगळे मोठ्यांबद्दल बोलताहेत, पण मुलांनाही संधिवात होतो. माझ्या वर्गात एक मुलगी सकाळी लंगडत यायची, दुपारी बरी खेळायची. घरचे म्हणाले पडली असेल. गुडघा सुजलेला होता, दुखतोय असं ती फारसं म्हणतही नव्हती. पुढे निदान झालं, मुलांचा संधिवात.

सोळा वर्षांच्या आत सुरू होऊन सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सांध्याची सूज, दुसरं कारण सापडलं नाही तर, यात धरतात. यातल्या एका प्रकारात, जिथे चारच किंवा त्याहून कमी सांधे धरतात आणि रुग्ण बहुतेक लहान मुली असतात, तिथे डोळ्यात युव्हायटिस होण्याची भीती मोठी. रक्तात एएनए, म्हणजे शरीराच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह असेल तर आणखी जास्त.

आणि तो संकेश्वरच्या दादांसारखा नसतो. डोळा लाल होत नाही. दुखत नाही. मूल काहीच सांगत नाही, कारण त्याला काही जाणवतच नाही. आत सूज चालू असते आणि बाहेरून डोळा स्वच्छ, टपोरा. कळतं तेव्हा बाहुली चिकटलेली असते, बुबुळावर पांढरा पट्टा आलेला असतो, मोतीबिंदू किंवा काचबिंदू झालेला असतो. शाळेत येणारं आरोग्य पथक तक्ता वाचून घेतं, ते चांगलंच, पण त्यात हे सापडत नाही. स्लिट लॅम्पवरच सापडतं. म्हणून जास्त धोक्यातल्या मुलांना दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगतात, तक्रार असो नसो. सांधे बरे झाले तरी डोळ्यांची तपासणी थांबवायची नाही, दोघांचं दुखणं एकाच वेळी वर-खाली होतंच असं नाही.

त्या मुलीच्या वडिलांना कामाचा खाडा करून दर तीन महिन्यांनी बेळगाव गाठणं जड जात होतं. 'डोळा तर चांगला दिसतोय, बाई' असं ते म्हणायचे. त्यांच्या जागी कुणीही असंच म्हणेल. मी एकदा सोबत गेले, डॉक्टरांना विनंती करून त्यांना मशीनमधून आतल्या तरंगणाऱ्या पेशी दाखवल्या. दिव्याच्या झोतात धुळीचे कण दिसतात तसे. त्यानंतर त्यांनी एकही तारीख चुकवली नाही. मुलगी आता पुढच्या वर्गात आहे, पहिल्या बाकावर बसायचा हट्ट धरत नाही.

शिक्षकांनो, सकाळी लंगडणारं मूल दिसलं तर पालकांना बोलवा.

जांबोटीकर

बाई, हे आमच्या गावच्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो.

कुठे दाखवायचं तेही कुणीतरी लिहा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाड्यांतून बेळगाव गाठायलाच दिवस जातो.

वडगावची_लेक

बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आहे आणि केएलईचं रुग्णालय आहे, दोन्हीकडे डोळ्यांचा विभाग आहे. निपाणी-चिकोडीकडची माणसं मिरज किंवा कोल्हापूर गाठतात. संधिवाताचे खास डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते आधी फोन करून विचारा, फेरी फुकट जाणार नाही. रेशनकार्ड, आधार सोबत असू द्या. योजनेतून उपचार हवा असेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं का हेही फोनवरच विचारून घ्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना संधिवाताची फाइल न्या आणि संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाताना डोळ्यांची. चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, पुड्या आणि काढेसुद्धा.

आणि हे झाल्यास त्याच दिवशी जा: रात्री झोपमोड करणारी डोळ्याची कळ, उजेड सहन न होणं, अचानक अंधुक दिसणं, बुबुळावर पांढरा डाग. लग्न, पेरणी, गणपती काहीही असो.

अनगोळची_आत्ती

बहिणीचं वजन केलं, बेचाळीस किलो भरलं. तिला ४०० चालू होती. मंगळवारची वेळ घेतली आहे, डोळ्यांचं ओसीटीपण सांगितलंय.

औषधवाले दादा, तिला कोरडेपणाचे थेंब आणि दुसरे एक, असे दोन आहेत. एकामागून एक लगेच घातले तर चालतात का?

औषधवाला

नाही आत्ती. मध्ये पाच ते दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. एका वेळी एकच थेंब, जास्त घातले तर गालावर ओघळतात. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर हलका दाबून धरायला सांगा. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. बोटं वाकडी असल्याने तिला बाटली दाबता येत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घाला. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा, बहुतेक बाटल्या महिन्याभराने टाकून द्यायच्या असतात.

मंगळवारी काय सांगतात ते इथे कळवा.